ड्रोनला छप्पर दिसतं, तारीख दिसत नाही: धारावीच्या डिजिटल सर्वेक्षणात नेमकं काय होतंय?

१८ मार्च २०२४ रोजी धारावीतल्या कमला रमण नगरमध्ये सर्वेक्षणाची पथकं पोहोचली आणि घरांवर नवे क्रमांक पडू लागले. धारावीकरांना क्रमांकांचं अप्रूप नाही. साधारण दीड दशकापूर्वी पुण्याच्या 'मशाल' या संस्थेनं घरोघरी जाऊन नोंदणी केली होती, तेव्हाही क्रमांक पडलेच होते. त्याआधीही पडले होते. प्रत्येक वेळी पुनर्विकास येणार, येणार म्हणून गाजावाजा झाला आणि क्रमांक पावसानं पुसले गेले.

यावेळचा फरक असा की खडू आणि रजिस्टरच्या जोडीला ड्रोन, लेझर यंत्रं आणि मोबाइल अ‍ॅप होतं. पुनर्विकास प्रकल्पाकडून सांगण्यात आलं की या सगळ्यातून धारावीचं 'डिजिटल ट्विन' तयार होणार आहे, म्हणजे अख्ख्या वस्तीची संगणकातली हुबेहूब त्रिमितीय प्रतिकृती. २०२५ च्या मध्यापर्यंत एक लाखाहून अधिक गाळ्यांना क्रमांक दिल्याचंही प्रकल्पानं जाहीर केलं.

ऐकायला हे सगळं आधुनिक आहे. पण या यंत्रणेच्या शेवटी जे बाहेर पडतं ती एक साधी यादी असते. सरकारी भाषेत तिला 'परिशिष्ट-२' म्हणतात. त्या यादीत तुमच्या नावासमोर काय लिहिलं आहे, यावर तुम्ही धारावीत राहणार की धारावीबाहेर जाणार, हे ठरतं.

आधी सर्वेक्षण कसं होतं ते पाहू

प्रक्रिया साधारण तीन टप्प्यांत होते. आधी गल्लीतल्या प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र क्रमांक दिला जातो. मग त्या गल्लीचं लेझर मापन होतं. त्यानंतर प्रशिक्षित पथक मोबाइल अ‍ॅप घेऊन प्रत्येक दारात जातं, कुटुंबाची माहिती भरून घेतं आणि कागदपत्रांची नोंद करतं.

यातलं लेझर मापन म्हणजे 'लायडार'. तत्त्व अगदी सोपं आहे. यंत्र लेझरचा ठिपका सोडतं, तो भिंतीवर किंवा पत्र्यावर आपटून परत येतो आणि त्याला किती वेळ लागला यावरून अंतर काढलं जातं. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, जवळपास ३० सेंटिमीटर जातो. त्यामुळे वेळ काटेकोर मोजता आली की अंतर अगदी बारकाईनं कळतं. असे लाखो ठिपके मिळून बिंदूंचा एक ढग तयार होतो आणि त्या ढगातून भिंती, जिने, छपरं, गटारं यांचे आकार उमटतात.

ड्रोन वरून सलग फोटो काढतो. ते फोटो तिरकेपणा काढून एकमेकांना जोडले की ज्यावर थेट मापं घेता येतील असा छायाचित्र-नकाशा मिळतो. पण धारावीतल्या कितीतरी गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की दोन्ही बाजूंचे पत्रे वर एकमेकांना टेकलेले असतात, मध्ये ताडपत्री पसरलेली असते. वरून पाहिलं तर तिथे गल्लीच नाही. आत जीपीएसचा सिग्नलही धड मिळत नाही. अशा जागी पाठीवर बांधायचं किंवा हातात धरायचं लेझर यंत्र घेऊन माणसालाच चालावं लागतं.

हे सगळं शक्य झालं त्याला धोरणातले बदलही कारणीभूत आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नकाशे बनवण्यावरचे बरेचसे निर्बंध उठवले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ड्रोनचे नियम सोपे झाले. त्याआधी एखाद्या शहराचा बारीक नकाशा खासगी कंपनीनं करायचा म्हणजे परवानग्यांची लांबलचक रांग असायची.

यादीत काय लिहिलं तर काय मिळतं?

पुनर्विकासाची निविदा २०२२ मध्ये निघाली आणि ५,०६९ कोटींची बोली लावून अदानी समूहानं ती जिंकली. त्यानंतर स्थापन झालेल्या कंपनीत अदानी समूहाचा वाटा ८० टक्के आणि राज्य सरकारचा २० टक्के आहे. या कंपनीचं सध्याचं नाव 'नवभारत मेगा डेव्हलपर्स'.

निविदेतल्या अटींनुसार १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहत असलेल्या कुटुंबाला धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर मोफत मिळणार आहे. १ जानेवारी २००० ते १ जानेवारी २०११ या काळातल्या तळमजल्यावरच्या घरांना धारावीबाहेर ३०० चौरस फुटांचं घर अडीच लाख रुपयांत. त्यानंतरच्या, १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंतच्या घरांना आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धारावीबाहेरच भाड्याचं घर, हप्त्यांनी पैसे भरून पुढे ते विकत घेण्याचा पर्याय ठेवून.

'धारावीबाहेर' म्हणजे कुठे, याचं चित्र हळूहळू स्पष्ट होत गेलं. राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड भागातली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन या घरांसाठी घ्यायला मंजुरी दिली. देवनार कचराभूमीची जागाही यादीत आली. धारावीच्या पश्चिमेला माहीम, पूर्वेला सायन, दक्षिणेला माटुंगा आणि खाडी ओलांडली की वांद्रे-कुर्ला संकुल. पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांची स्थानकं चालत जाता येतील इतकी जवळ. घरकाम करणाऱ्या बाईची चार घरं माटुंग्यात असतील, तर मुलुंडला मिळालेलं घर तिच्यासाठी निव्वळ चौरस फुटांचा हिशेब राहत नाही.

मग अडचण कुठे आहे?

वरच्या अटी पुन्हा एकदा वाचल्या की लक्षात येतं, त्यांत दोनच गोष्टी निर्णायक आहेत: मजला आणि तारीख. मजला लायडारला दिसतो, अगदी उत्तम दिसतो. तारीख मात्र दिसत नाही.

समजा, एका गाळ्याचा तळमजला १९९२ चा आहे. मोठ्या भावाचं लग्न झालं तेव्हा वर पत्र्याची खोली चढवली आणि बाहेरून लोखंडी शिडी लावली. खाली आई आणि धाकटा भाऊ, वर थोरल्याचं कुटुंब. वीजमीटर एकच, तो खालच्या नावावर. बिंदूंच्या ढगात हे घर दोन मजल्यांचं म्हणून नेमकं उमटेल, शिडीच्या पायऱ्यासुद्धा मोजता येतील. पण वरची खोली २००३ ची की २०१५ ची, वर राहणारा मुलगा आहे की भाडेकरू, या प्रश्नांची उत्तरं वीजबिल, मतदार यादी, भाडेकरार, शिधापत्रिका असल्या कागदांत शोधावी लागतात. यंत्रानं दिलेली अचूकता सेंटिमीटरची आणि निकाल अवलंबून एका जुन्या बिलावर, जे २६ जुलै २००५ च्या पुरात वाहून गेलेलं असू शकतं.

म्हणजे तंत्रज्ञानानं एक मोठी गोष्ट साधली आहे आणि एक साधलेली नाही. साधलेली गोष्ट कमी लेखण्यासारखी नाही. मुंबईतल्या झोपडपट्टी योजनांच्या जुन्या याद्यांमध्ये बोगस नावं घुसडणं, एकाच झोपडीवर दोन माणसं दाखवणं, प्रत्यक्षात नसलेली झोपडी कागदावर उभी करणं, हे प्रकार जगजाहीर आहेत. घराचा फोटो, अचूक स्थान आणि मोजमाप एकमेकांना जोडलेलं असेल, तर अशी हातचलाखी अवघड होते. उद्या कुणी म्हणालं की हे घर इथे नव्हतंच, तर ते होतं हे दाखवता येतं. इतकी वर्षं धारावीच्या लोकसंख्येचे आकडे काही लाखांपासून दहा लाखांपर्यंत कसेही फेकले जात होते, त्यालाही यामुळे आळा बसू शकतो.

पण डिजिटल सर्वेक्षणाबद्दल बोलताना 'पारदर्शक' हा शब्द ज्या सहजतेनं वापरला जातो, ती जरा खटकते. घर मोजणं पारदर्शक झालं. हक्क कुणाचा, हे ठरवणं अजून तितकंच कागदी आहे, आणि मोजण्याच्या चकचकाटात ते झाकलं जातं.

कुंभारवाड्यात हा पेच आणखी ठळक होतो. तिथे घर, चाक, माल वाळवायचं अंगण आणि भट्टी हे सगळं मिळून एकच व्यवसाय आहे. अंगण आणि भट्टी बहुतेक वेळा सामाईक. लेझर यंत्र अंगणाची लांबी-रुंदी देईल. त्या अंगणात कुणाची मडकी कोणत्या दिवशी वाळायची आणि भट्टीवर पाळी कुणाची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट कोणत्याही बिंदूंच्या ढगात येत नाही. 'रहिवासी' आणि 'व्यावसायिक' असे दोन रकाने केले की कुंभाराचं घर कोणत्या रकान्यात टाकायचं? तेरा कंपाउंडमधल्या भंगार-प्लॅस्टिकच्या गाळ्यांत खाली काम चालतं आणि वर तिथलेच कामगार झोपतात. त्यांच्याकडे त्या पत्त्याचा कागद असण्याची शक्यता कमीच.

धारावी कोळीवाड्याचा आक्षेप वेगळाच आहे. आम्ही झोपडपट्टी नाही, गावठाण आहोत, त्यामुळे आमच्या हद्दीचं सीमांकन आधी करा, असं कोळी समाजाचं म्हणणं आहे. वरून पाहिलं तर कोळीवाड्याचे पत्रे आणि शेजारच्या वस्तीचे पत्रे यांत काही फरक दिसत नाही.

मुंबईनं हा धडा एकदा घेतला होता

नकाशा डिजिटल असला म्हणजे बरोबर असतोच असं नाही, याचा मोठा अनुभव याच शहरानं दहा वर्षांपूर्वी घेतला. मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा करताना महापालिकेनं आधी सध्याच्या जमीनवापराचा संगणकीय नकाशा तयार करून घेतला. उपग्रह चित्रं, जीआयएस, सल्लागार कंपनी, सगळं होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यावर आधारलेला प्रारूप आराखडा जाहीर झाला आणि लोकांनी आपापला विभाग उघडून पाहायला सुरुवात केली.

कुठे उभ्या इमारतीतून रस्ता गेलेला, कुठे वारसा वास्तू गायब, कुठे देऊळ किंवा शाळा वेगळ्याच नावानं. कोळीवाडे आणि गावठाणं नीट दाखवलेली नव्हती, आणि झोपडपट्ट्यांच्या आत काय आहे याचा तपशील तर जवळपास नव्हताच. हजारोंनी हरकती आल्या. अखेर एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आराखडा दुरुस्त करायचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं आणि आराखडा प्रत्यक्ष लागू व्हायला सप्टेंबर २०१८ उजाडलं.

या प्रकरणातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला उघड आहे: कार्यालयात बसून उपग्रहाच्या चित्रावर रंग भरले की चुका होतात. दुसऱ्याची चर्चा कमी झाली. चुका सापडल्या त्या आराखडा सगळ्यांना पाहता आला म्हणून. कागदाचा भलामोठा नकाशा वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लावला असता, तर तो पाहायला किती जण गेले असते? इथे फाइल संगणकावर उघडून कुणीही आपली गल्ली मोठी करून पाहू शकत होतं. ज्या तंत्रज्ञानानं घोळ घातला, त्याच तंत्रज्ञानानं तो पकडूनही दिला. अट एकच होती, नकाशा खुला असण्याची.

धारावीचं डिजिटल ट्विन तसं खुलं नाही. त्यातली घरगुती माहिती खुली असूच नये, ते योग्यच आहे. पण आपल्या घराचं माप काय नोंदवलं गेलं, वरचा मजला वेगळा धरला की एकत्र, गल्लीतला सामाईक भाग कुणाच्या खात्यात गेला, हे त्या घरातल्या माणसाला सहज पाहता आलं पाहिजे, यात कुणाचं दुमत असायचं कारण नाही.

मोजणारा कोण, हा प्रश्न जुनाच आहे

मुंबईत झोपड्यांची मोठी सरकारी गणना १९७६ मध्ये झाली. ज्यांची नोंद झाली त्यांना फोटोपास मिळाले. कुटुंबाचा फोटो लावलेला तो कागद कित्येक घरांत आजही ट्रंकेच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला असतो, कारण पुढच्या प्रत्येक सर्वेक्षणात तोच कामी आला. नंतर कट-ऑफ तारखा बदलत गेल्या, कधी १९८५, कधी १९९५, मग २०००. प्रत्येक तारखेनं वस्तीची 'आतले' आणि 'बाहेरचे' अशी नवी फाळणी केली. म्हणून धारावीत सर्वेक्षणाचं पथक दिसलं की लोक दार उघडण्याआधी विचार करतात. तंत्रज्ञानाच्या भीतीपोटी हे होतं असं म्हणणं बरोबर नाही. मोबाइल तर प्रत्येक घरात आहे.

१९८५ मध्ये मुंबईतल्या 'स्पार्क' या संस्थेनं फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांची मोजणी केली आणि 'वुई, द इनव्हिजिबल' या नावानं अहवाल काढला. फुटपाथवासीयांच्या हक्कांबद्दलचा ओल्गा टेलिस खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच वर्षीचा. तेव्हा फुटपाथवरची माणसं सरकारच्या हिशेबात जवळपास नव्हतीच. त्या मोजणीनं ती किती आहेत, कुठून आली, काय काम करतात हे समोर आणलं. पुढे वस्तीतल्या लोकांनीच आपली मोजणी करायची ही पद्धत देशाबाहेरही गेली. मोजणी म्हटली की लोक बिथरतातच, हा समज या अनुभवापुढे टिकत नाही. मोजणी आपल्या बाजूची आहे असं वाटलं तर लोक स्वतः टेप धरून उभे राहतात.

धारावीत 'धारावी बचाव आंदोलन'नं सर्वेक्षणाला विरोध केला, सगळ्यांना धारावीतच ५०० चौरस फुटांचं घर द्या अशी मागणी लावून धरली. दुसरीकडे सर्वेक्षणात भाग घेतला नाही तर हक्क जाईल, अशा सूचना आणि मुदती जाहीर होत राहिल्या. काही रहिवाशांनी आपणहून पथकं बोलावली, काहींनी परत पाठवली. प्रकल्पाची बाजू अशी की कंपनी फक्त माहिती गोळा करते, पात्रता सरकारी यंत्रणाच ठरवते आणि निर्णय मान्य नसेल तर अपील करता येतं. कागदावर हे बरोबर आहे. तरीही ज्या कंपनीला ही घरं बांधायची आहेत आणि उरलेल्या जमिनीवर विक्रीच्या इमारतीही उभ्या करायच्या आहेत, तिच्याच पथकानं घर मोजायला यावं, याचं रहिवाशांना कोडं पडलं तर ते समजण्यासारखं आहे.

तोच ड्रोन, ओडिशात

ओडिशानं २०१७ मध्ये झोपडपट्टीवासीयांना जमिनीचा हक्क देणारा कायदा केला आणि २०१८ मध्ये 'जागा मिशन' सुरू केलं. तिथेही ड्रोन उडाले. पण वरून काढलेला नकाशा वस्तीत आणून, लोकांच्या समोर, त्यांच्यासोबत गल्लीत फिरून घरांच्या हद्दी पक्क्या करण्यात आल्या. या कामात वस्तीतल्या रहिवाशांच्या संघटनांना अधिकृत स्थान होतं. कट-ऑफही वीस-पंचवीस वर्षं मागची नव्हती, कायद्याच्याच वर्षातली होती. जमिनीचं प्रमाणपत्र पती-पत्नी दोघांच्या नावानं मिळतं. ते वारसांना देता येतं, कर्जासाठी तारण ठेवता येतं, विकता मात्र येत नाही. या कामाला २०१९ चा वर्ल्ड हॅबिटॅट पुरस्कार मिळाला.

ही तुलना ताणण्यात अर्थ नाही. ओडिशात सुरुवात झाली ती लहान शहरांतल्या, बहुतांश एकमजली वस्त्यांपासून. तिथल्या जमिनीला वांद्रे-कुर्ला संकुलाशेजारचा भाव नाही. धारावीसारखी मजल्यावर मजला चढवलेली दाटी तिथे क्वचितच. पण यंत्र तेच असताना निकाल इतका वेगळा आला, कारण ड्रोनला विचारलेला प्रश्न वेगळा होता. ओडिशात प्रश्न होता, 'आज इथे कोण राहतं?' धारावीत प्रश्न आहे, '२००० सालाच्या पहिल्या दिवशी इथे कोण राहत होतं?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणताही कॅमेरा देऊ शकत नाही.

हे धारावीपुरतं राहणार नाही

१८ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्र सरकारनं मध्य प्रदेशातल्या रायसेनमधून 'नक्शा' हा कार्यक्रम सुरू केला. देशातल्या १५२ नागरी स्थानिक संस्थांच्या हद्दीत हवाई सर्वेक्षण करून शहरी जमिनीच्या नोंदी नव्यानं तयार करायच्या, असा हा प्रायोगिक टप्पा आहे. खेड्यांमध्ये 'स्वामित्व' योजनेतून ड्रोननं गावठाणांची मोजणी आधीच सुरू आहे. शहरांत काम जास्त किचकट आहे, कारण महाराष्ट्रातल्या कित्येक नगरपालिकांच्या हद्दीत सिटी सर्व्हे झालेलाच नाही, किंवा झाला त्यानंतर गाव तिप्पट वाढलं. सातबारावर शेती, प्रत्यक्षात कॉलनी, आणि प्रॉपर्टी कार्डाचा पत्ता नाही, ही स्थिती अनेकांच्या ओळखीची असेल.

अशा सर्वेक्षणात हवाई चित्रावरून हद्दी आखल्या जातात, जागेवर जाऊन तपासल्या जातात, मग प्रारूप नोंदी जाहीर करून हरकती मागवल्या जातात. हरकतींची ही खिडकी ठरावीक दिवसांचीच असते. शेजाऱ्याशी सामाईक भिंत, वाटणी न झालेलं वडिलोपार्जित घर, मागच्या दारची बोळ, ज्यावर दोन घरं हक्क सांगतात, हे वाद याच टप्प्यावर नोंदवावे लागतात. त्यासाठी घरावर पडलेला क्रमांक आणि यादीतला क्रमांक एकच आहे ना, नोंदवलेलं क्षेत्रफळ प्रत्यक्षाशी जुळतं का, आणि वरचा मजला कुणाच्या नावावर धरला आहे, या तीन गोष्टी तपासलेल्या बऱ्या. धारावीतल्या ज्या वस्त्यांच्या प्रारूप याद्या लागत आहेत, तिथले लोक सध्या हेच करत आहेत: मोबाइलवर यादीचा फोटो मोठा करून आपला क्रमांक शोधणं, आणि तो सापडला की शेजारच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचणं.